ब्रिटन उपाशी, युरोपीय संघ तुपाशी?

खडूस काका:
ब्रिटनला जेवढं अन्न लागतं, त्याच्या साधारण 60 टक्केच तिथे पिकतं. 1984 साली हे प्रमाण 78 टक्के होतं. शेजारचा युरोपीय संघ मात्र गहू, चीज, डुकराचं मांस जगभर विकतोय. फेब्रुवारी 2023 मध्ये ब्रिटिश सुपरमार्केटांनी टोमॅटो-काकडीवर रेशन लावलं, गिऱ्हाइकाला दोन-तीनच पाकिटं. वर मंत्रीणबाई थेरेस कॉफी संसदेत सलगमचे गुण गात होत्या! संघातून बाहेर पडल्याची ही फळं.

हिशेबनीस:
काका, आकडे खरे, निष्कर्ष गंडलाय. ही घसरगुंडी सदस्य असतानाच झाली. ब्रिटन 2020 मध्ये बाहेर पडला, त्याच्या कितीतरी आधी आकडा साठीत आला होता. शिवाय ही तुलना एक देश विरुद्ध सत्तावीस देशांचा संघ अशी आहे. स्पेनमधल्या आल्मेरियाचा टोमॅटो बर्लिनला गेला तर संघाच्या खात्यात घरचा माल, लंडनला गेला की आयात. तुलना करायचीच तर एकट्या जर्मनीशी करा.

खडूस काका:
मला हिशेब नको शिकवू रे. घरचा माल ही नुसती वहीतली नोंद नाही. बर्लिनच्या ट्रकला सीमेवर कुणी अडवत नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी 2024 पासून संघातून येणाऱ्या बऱ्याचशा मांस-चीजला आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यावर पशुवैद्याची सही. चार पेट्या पाठवणाऱ्या चीजवाल्याला हे परवडतं का?

लिंबूटिंबू:
टोमॅटोचं खापर ब्रेक्झिटवर कशाला? स्पेन आणि मोरोक्कोत हवामान बिघडलं, माल आला नाही. आयर्लंड तर संघातच आहे, तिथेही तेव्हा टंचाई होती. खरी गोची घरातच. लंडनच्या उत्तरेला ली व्हॅलीत काकडी-मिरचीची काचघरं आहेत. ती उबदार ठेवायला लागणारा गॅस इतका भडकला की त्या हिवाळ्यात काही बागायतदारांनी लागवडच केली नाही. काचघर उभं, आत एक रोप नाही.

शेतावरची:
+1. त्या एकाच टक्क्यावरून भांडण्यात अर्थ नाही. धान्यात ब्रिटनचं जवळपास भागतं, मेंढीचं मांस तर तो फ्रान्सला विकतो. फळांत मात्र 16-17 टक्क्यांवर गाडी अडते. केळी-संत्री तिथे पिकणारच नाहीत. तिथल्या हवेत येणाऱ्या अन्नापुरतं पाहिलं तर प्रमाण 75 च्या घरात जातं. आणि टक्का काढतात किमतीवर, उष्मांकावर नाही. महागडी द्राक्षं आयात झाली की टक्का खाली, पोट भरलेलंच!
राहता राहिला तुपाशी संघ. त्याच्या डुकरा-कोंबड्यांच्या खाद्यातला सोया बहुतेक ब्राझील, अमेरिकेतून येतो. तो बंद झाला तर काय विकणार जगाला?

खडूस काका:
ब्रिटनच्या कोंबड्या काय हवा खातात, ताई? सोया दोघांनाही आणावा लागतो, पण दारातल्या तपासणीचा खर्च ब्रिटनने स्वतः ओढवून घेतलाय. म्हणून तर मे 2025 मध्ये या तपासण्या कमी करायच्या कराराला दोघांनी तत्त्वतः होकार दिला.

हिशेबनीस:
होकार म्हणजे करार नव्हे. आणि झाला तरी ट्रक लवकर सुटेल, ली व्हॅलीत गॅस स्वस्त होणार नाही.