रिटायरमेंटनंतर समुद्राजवळ: फ्लोरिडा, कॅरोलिना की डेलावेअर?

शेवंती

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, सवडीने वाचा पण उत्तर नक्की द्या.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. नवरा पुढच्या वर्षी रिटायर होतोय, तेव्हा तो ६६ चा असेल आणि मी ६३. मुलगी बॉस्टनला, मुलगा शार्लटला. घर चार बेडरूमचं, दोघांना आणि सासूबाईंना एवढं लागत नाही, प्रॉपर्टी टॅक्स भरताना आता जीवावर येतं आणि बर्फ काढणं तर अगदी नको झालंय. माझं लहानपण देवगडचं, त्यामुळे म्हातारपणी समुद्र जवळ हवा हे माझं फार जुनं मागणं आहे आणि आता नवऱ्यानेही ते मनापासून मान्य केलंय. प्रश्न एवढाच की कुठली स्टेट. यादीत फ्लोरिडा, दोन्ही कॅरोलिना आणि डेलावेअर आहेत. वेस्ट कोस्ट नको, मुलांपासून फार लांब पडतं.

आता सासूबाईंचं. ८३ वर्षांच्या आहेत, तब्येत ठणठणीत, पण गाडी चालवत नाहीत, इंग्रजी जेमतेम. इथे आजूबाजूला आपली माणसं आहेत म्हणून त्यांचा दिवस छान जातो, संध्याकाळी चारपाच जणी मिळून फिरायला जातात, कुणाकडे तरी भजन असतं. त्यांना ग्रीन कार्ड मिळून अजून पाच वर्षं झालेली नाहीत. त्यांना नव्या जागी एकटं पाडायचं नाही, हे मी समुद्राच्याही आधी धरते.

बजेट साधारण साडेचार लाख डॉलर. टॅक्सचे तक्ते नेटवर भरपूर वाचले, प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी सांगा.

टॅम्पाकर

शेवंतीताई, आम्ही बरीच वर्षं टॅम्पाच्या बाजूला आहोत आणि आम्हाला इथे आवडतं हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून घाबरू नका.

स्टेट इन्कम टॅक्स नाही हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरा फायदा असा की स्वतः राहत्या घराला होमस्टेड, म्हणजे राहत्या घराची टॅक्स सवलत, लावलं की टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला ३ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. फक्त त्याचा अर्ज १ मार्चच्या आत करायचा, विसरू नका.

पण इथे खरा खर्च इन्शुरन्सचा. कोट मागायला गेलात की पहिला प्रश्न छप्पर किती जुनं. तेच घर, तीच गल्ली, एकाचं छप्पर नवं आणि दुसऱ्याचं १८ वर्षांचं, तर दोघांच्या हप्त्यात प्रचंड फरक, जुनं छप्पर असेल तर कित्येक कंपन्या पॉलिसीच देत नाहीत. म्हणून घर आवडलं की ऑफर देण्याआधी विंड मिटिगेशन रिपोर्ट मागा. त्यात छताच्या कैच्या भिंतीला नुसत्या तिरप्या खिळ्यांनी ठोकल्यात की धातूच्या पट्ट्यांनी बांधल्यात, खिडक्यांना शटर आहेत का, हे सगळं फोटोसकट असतं आणि त्यावर सूट मिळते. हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण भरायचा वाटा, वेगळं असतं आणि ते टक्क्यांत असतं. ४ लाखांचं कव्हरेज आणि २ टक्के डिडक्टिबल म्हणजे पहिले ८ हजार तुमच्या खिशातून. पुराचं पाणी यात येतच नाही, त्याचा फ्लड इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो.

कॉन्डोचा विचार असेल तर जास्तच जपून. २०२१ च्या जूनमध्ये मायामीजवळ सर्फसाइडला बारा मजली इमारत रात्री कोसळली, ९८ माणसं गेली. त्यानंतर कायदा आला, तीन मजले आणि त्यावरच्या जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची झाली आणि मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी आता सभासदांनी मतदान करून टाळता येत नाही. चांगलाच कायदा आहे, पण वर्षानुवर्षं पैसे न साठवलेल्या सोसायट्या आता एकदम मोठी वर्गणी लावतायत. समुद्राकाठी कॉन्डो स्वस्त दिसला तर आधी हे कागद बघा.

आम्ही खाडीपासून बरेच आत, उंचावर घर घेतलं. २०२४ ला सप्टेंबरच्या शेवटी हेलीन आलं तेव्हा वादळ समुद्रात लांबून गेलं तरी किनाऱ्याच्या घरांत पाणी शिरलं, आमच्याकडे अंगण कोरडं होतं. मग दोन आठवड्यांत मिल्टन. तेव्हा रस्त्याकडेला लोकांचे भिजलेले सोफे, गाद्या, ड्रायवॉलचे ढीग पडलेले, ते उचललेही गेले नव्हते आणि दुसरं वादळ दारात, ते दिवस फार वाईट होते. समुद्र बघायला आम्ही गाडीने जातो, अर्धा पाऊण तास लागतो, आणि मला ते पुरतं.

सासूबाईंसाठी म्हणाल तर टॅम्पा, ऑर्लँडोकडे आपले लोक भरपूर आहेत, मंदिरं आहेत. फक्त उन्हाळा. जून ते सप्टेंबर संध्याकाळचं फिरणं विसरा, सकाळी सातच्या आतच.

लुईसकर

डेलावेअरबद्दल मी सांगते, आम्ही फिलाडेल्फियाजवळून इथे लुईसला आलो.

तुमच्यासाठी पहिली सोय म्हणजे जर्सी तुटत नाही. जर्सीतल्या केप मेहून लुईसला फेरी आहे, १७ मैल, साधारण ८५ मिनिटं, गाडी बोटीतच घालायची. जुन्या मैत्रिणी, जुना दंतवैद्य, सगळं आवाक्यात राहतं. सेल्स टॅक्स नाही. सोशल सिक्युरिटीवर स्टेटचा टॅक्स नाही, साठीनंतर पेन्शन वगैरे उत्पन्नातले माणशी १२,५०० डॉलरपर्यंत माफ. प्रॉपर्टी टॅक्स जर्सीवाल्यांना खरा वाटत नाही इतका कमी. आमच्या ससेक्स काउंटीने १९७४ नंतर पहिल्यांदाच २०२५ च्या बिलांसाठी घरांची नव्याने किंमत ठरवली, त्यात काहींची बिलं वाढली, तेव्हा घर बघताना जुनं बिल धरू नका, नवीनच मागा.

आता दुसरी बाजू. गेल्या काही वर्षांत इथे इतके रिटायर्ड लोक आले की डॉक्टर पुरत नाहीत. आम्हाला प्रायमरी केअर डॉक्टर मिळायला कित्येक महिने लागले, जिथे फोन करावा तिथे नवीन पेशंट घेत नाही हेच उत्तर, तोवर जुन्या डॉक्टरकडेच जात होतो. स्पेशालिस्टसाठी लोक डेलावेअरमधलंच विल्मिंग्टन नाहीतर फिलाडेल्फिया गाठतात, म्हणजे दोन तास. म्हणून माझा सल्ला, घर शोधण्याआधी डॉक्टर शोधा, फोन करून नाव लावून ठेवा.

आणि शेवंतीताई, खरं सांगते, तुमच्या सासूबाई इथे एकट्या पडतील. आम्हा दोघांना शांतता हवी होती, ती भरपूर आहे. सकाळी हेनलोपेनच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात चिटपाखरू नसतं, मला ते फार आवडतं. पण मराठी बोलायला आठवडा आठवडा कोणी भेटत नाही, किराणाही लांबून आणतो.

कॅरीवासी

लुईसकरताईंनी मोकळेपणी सांगितलं ते बरं झालं. मी नॉर्थ कॅरोलिनाचं सांगतो.

इथला समुद्र म्हणजे विल्मिंग्टन (डेलावेअरमधलं नव्हे, इथलं) आणि आपली माणसं म्हणजे कॅरी, मॉरिसव्हिल. मध्ये आय ४० हायवे, दोन तासांच्या आसपास. दोन्ही एका जागी मिळत नाही हे आधी मान्य करायला लागतं. आमच्या ओळखीचं एक जोडपं विल्मिंग्टनला गेलं, गाव सुंदर, नदीकाठ, हॉस्पिटल मोठं आहे. पण २०१८ ला फ्लोरेन्स वादळात भोवतालचे सगळे रस्ते पाण्याखाली गेले आणि शहराचं बेट झालं, आत-बाहेर जायला वाट नाही. ज्या घरात ८३ वर्षांचं माणूस आहे त्यांनी याचा विचार करायलाच पाहिजे, रोजची औषधं, वीज नसेल तर काय, निघायचं तर किती आधी निघायचं.

म्हणून मी म्हणेन कॅरीकडे घर घ्या. आमच्या भागात आजीआजोबांचा मोठा गट आहे, रोज तळ्याभोवती फिरतात, व्यंकटेश्वराचं मंदिर आहे, गणपतीला तर विचारू नका. मुलगा शार्लटला म्हणजे अडीच तास. टॅक्सचं म्हणाल तर २०२६ पासून सरसकट ३.९९ टक्के आहे, सोशल सिक्युरिटीवर नाही. ड्यूक आणि यूएनसीची हॉस्पिटलं जवळ. समुद्रासाठी सीझन संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, भाडं उतरतं तेव्हा महिनाभर किनाऱ्यावर घर घ्यायचं. पाणी तेव्हाही उबदार असतं.

अनुस्वार

मी टॅक्सचं काम करते म्हणून थोडं त्यावर, कारण लोक इन्कम टॅक्स नाही एवढंच बघून फ्लोरिडा ठरवतात आणि तो हिशेब बहुतेकांच्या बाबतीत पूर्ण नसतो.

जर्सी सोडल्यावर ४०१के आणि आयआरए या रिटायरमेंटच्या खात्यांमधून काढलेल्या पैशावर जर्सी टॅक्स लावू शकत नाही, १९९६ पासून तसा फेडरल कायदाच आहे. तुम्ही जिथे राहता ती स्टेट लावणार. घर विकताना एक्झिट टॅक्स लागतो असं सांगून लोक घाबरवतात, तो वेगळा टॅक्स नाही, घराच्या नफ्यावरचा नेहमीचा टॅक्स आगाऊ कापतात, जास्त कापला गेला तर रिटर्न भरल्यावर परत येतो.

तुमच्या यादीत जॉर्जिया का नाही? ६५ नंतर माणशी ६५,००० डॉलरपर्यंतचं रिटायरमेंटचं उत्पन्न माफ आहे आणि त्यात व्याज, डिव्हिडंड, भाडंसुद्धा धरतात. दोघंही ६५ झालात की बहुतेक मराठी घरांना स्टेट टॅक्स जवळपास शून्यच येईल. सव्हाना बघून या. साउथ कॅरोलिनात ब्लफ्टन, मर्टल बीचकडे राहत्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स खूपच कमी आहे, पण घर राहतं आहे असा अर्ज करावा लागतो, नाहीतर ४ ऐवजी ६ टक्क्यांच्या दराने किंमत धरतात. मेरीलँडकडे वळलात तर तिथे इस्टेट (गेलेल्या माणसाच्या मालमत्तेवर) आणि इनहेरिटन्स (वारसाला मिळालेल्यावर) असे दोन्ही टॅक्स आहेत.

यापेक्षा मेडिकेअर, म्हणजे ६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा, महत्त्वाचं. खाजगी कंपन्यांमार्फत मिळणारे मेडिकेअर अॅडव्हांटेजचे प्लॅन काउंटीप्रमाणे असतात, गाव बदललं की डॉक्टरांचं नेटवर्क बदलतं. मूळ मेडिकेअर आणि सोबत मेडिगॅप हा पूरक विमा असेल तर देशभर मेडिकेअर घेणारा कुठलाही डॉक्टर चालतो. पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासून सहा महिने मेडिगॅप तब्येत न विचारता मिळतं, नंतर बहुतेक स्टेट्समध्ये तब्येतीवरून नाकारू शकतात. नवऱ्याने नोकरी सोडताना ही तारीख हातातून घालवू नका.

सासूबाईंना पाच वर्षं सलग झाल्यावर मेडिकेअर विकत घेता येईल. तोवर मार्केटप्लेसचा (ओबामाकेअरचा) प्लॅन असेल तर तो स्टेटपुरताच असतो, मूव्ह झाल्यावर ६० दिवसांच्या आत नव्या स्टेटमध्ये नवीन घ्यायचा, मध्ये खंड पडू देऊ नका. मी तर म्हणेन त्यांचं मेडिकेअर लागेपर्यंत थांबलात तरी चालेल.

शेवंती

सगळ्यांचे खूप आभार, एवढ्या आपुलकीने लिहिलंत. नवऱ्याला काल रात्री सगळं वाचून दाखवलं. सासूबाईंनीही ऐकलं, त्या म्हणाल्या माझ्यासाठी अडू नका, पण तळ्याभोवती फिरणाऱ्या आजींबद्दल त्यांनी दोनदा विचारलं, त्यातच मला काय ते कळलं. लुईसकरताई, तुमचं वर्णन वाचून मन तिकडेच धावत होतं पण आत्ता नाही.

कॅरी आणि टॅम्पा दोन्ही बघू असं ठरतंय. एकच विचारते, पुराचा धोका सामान्य माणसाने कसा ओळखायचा? एजंट सगळ्यांनाच सेफ म्हणतात.

टॅम्पाकर

एजंटच्या शब्दावर जाऊ नका ताई. फेमा या सरकारी आपत्ती खात्याच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की पुराच्या झोनचा नकाशा दिसतो. एई म्हणजे पुराचा जास्त धोका, व्हीई म्हणजे वर लाटांचा मारही, एक्स म्हणजे धोका कमी. पण एक्समध्येही पाणी येतं, म्हणून मालकाकडे एलिव्हेशन सर्टिफिकेट असलं तर मागा, त्यात घराचा जोता अपेक्षित पुराच्या पातळीच्या किती वर किंवा खाली आहे ते फुटांत लिहिलेलं असतं. पूर्वी फ्लडचा क्लेम झालाय का हे लेखी विचारा, फ्लोरिडात २०२४ पासून विकणाऱ्याला ते सांगणं बंधनकारक आहे. सरकारी फ्लड इन्शुरन्स घराला अडीच लाख डॉलरपर्यंतच आहे आणि कर्जासाठी घेतला नाही तर लागू व्हायला ३० दिवस लागतात, वादळ दिसल्यावर घेऊन उपयोग नाही.

आणि स्वतः जाऊन बघा. जोरदार पाऊस पडून गेल्यावर त्याच गल्लीत जा, गटाराच्या तोंडाशी पाणी किती वेळ तुंबून राहतं ते बघा, गॅरेजच्या भिंतीवर खालून वर ओलाव्याची रेघ आहे का बघा, शेजाऱ्याची बेल वाजवून विचारा. इथले शेजारी हे मोकळेपणी सांगतात.

कॅरीवासी

ताई, कॅरीला याल तेव्हा हॉटेलऐवजी महिन्याच्या भाड्याने घर घ्या आणि सासूबाईंना घेऊनच या. जुलै-ऑगस्टमध्ये या, इथलाही उन्हाळा दमट आहे, तोच बघायला हवा. आमच्या गटाची फिरायची वेळ सकाळी साडेसहाची असते त्या दिवसांत. मला मेसेज करा, माझी आई स्वतः त्यांना न्यायला येईल.

लुईसकर

आणि समुद्राची फारच ओढ लागली तर फेरी आहेच, आमच्याकडे या, खोली रिकामीच असते.