मंजुरी नेमताना लागते, काढताना नाही
वाशीच्या सदस्यांनी विचारलंय की अमेरिकेत सिनेटला (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाला) न विचारता राष्ट्राध्यक्ष परराष्ट्रमंत्र्याला काढतोच कसा. लोकांचा संताप रास्त आहे, पण त्यात बेकायदा काही नाही. सिनेटची मंजुरी नेमणुकीला लागते, बडतर्फीला नाही. २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्री टिलरसन यांची गच्छंती तर ट्विटवरून जाहीर झाली.

१८६७ च्या कायद्याने सिनेटला न विचारता काढायची ही मुभा काढून घेतली होती. तेव्हा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी काढलेले युद्धमंत्री स्टँटन कार्यालयाला आतून अडसर लावून बसून राहिले आणि जॉन्सन त्यावरून झालेल्या महाभियोगातून एका मताने वाचले: दोषी ठरवायला मतं पडली ३५ विरुद्ध १९, हवी होती ३६. तो कायदा १८८७ मध्ये रद्द झाला.

आणि आपल्याकडे केंद्रीय मंत्र्याला काढा म्हणून ठाण्यातून राष्ट्रपतींना निवेदन पाठवणाऱ्यांनी थांबावं. आपल्या राज्यघटनेच्या कलम ७५(२) मध्ये मंत्र्याला पदावर ठेवण्याची मर्जी राष्ट्रपतींची लिहिली असली तरी सल्ला पंतप्रधानांचाच चालतो. निवेदन तिकडे द्या.