बंद मनोरुग्णालयांचे फोटो दाखवताना फोटोओळ आधी द्यावी की नंतर?

मदत हवी आहे. ओसाड वास्तूंवरच्या स्लाइड शोसाठी २० फोटो निवडलेत, त्यातले ८ अमेरिकेतल्या बंद पडलेल्या मनोरुग्णालयांचे. परवानग्या घेतल्यात, तो प्रश्न नाही. अडलंय ते बघणाऱ्यांच्या प्रतिक्रियांवर.

पहिल्यांदा फोटोओळींशिवाय दाखवले. पोपडे सुटलेल्या भिंती, गंजलेली खाट, खिडकीतून आत शिरलेली वेल. "काय भारी रंग आलेत!" आणि "इथे भुतं असणार" यापलीकडे कुणी गेलंच नाही. दुसऱ्या वेळी आधी माहिती सांगितली: न्यूयॉर्क राज्यातलं विलार्ड १९९५ मध्ये बंद झालं तेव्हा माळ्यावर रुग्णांच्या सुमारे ४०० सुटकेस सापडल्या. भरती होताना सोबत आणलेल्या, मग तिथेच राहिलेल्या. खोलीत एकदम शांतता. एक बाई उठून गेल्या. नंतर म्हणाल्या, "माझा मामा अशाच ठिकाणी होता." त्यांचं काही चुकलं असं मला अजिबात वाटत नाही.

पार्श्वसंगीत काढून टाकलंय (भयपटच वाटत होता). फोटो कृष्णधवल करून पाहिले, तर आणखीच भेसूर दिसले. फोटो वगळायचे नाहीत. प्रत्येकाला १५ सेकंद, म्हणजे जेमतेम दोन ओळी मावतात.

असे फोटो ज्यांनी लोकांना दाखवलेत त्यांना विचारतो: ओळ फोटोच्या आधी द्यावी की नंतर? आणि सुरुवातीला सूचना द्यायची तर ती कशा शब्दांत, म्हणजे ज्याला नको त्याला अवघडल्याशिवाय बाहेर जाता येईल आणि बाकीचे भुतं शोधत बसणार नाहीत?