गाडी घाटातच तापते, तर आधी रेडिएटरच्या पुढची फट बघा

थर्मोस्टॅट (कूलंटची वाट तापमानानुसार उघडणारा व्हॉल्व्ह) नवा टाकला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बदललं, तरी माल भरून खंबाटकी घाट चढताना पिकअप गाडीचा तापमानाचा काटा वर जातोच, असं तुम्ही लिहिलंय. थर्मोस्टॅट काढूनच टाका, हा कुणीतरी दिलेला सल्ला कृपा करून ऐकू नका. इंजिन नीट तापायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

सिग्नलला उभी असताना तापत असेल तर पहिला संशय फॅनवर. सपाटीला ठीक आणि लोडवर चढतानाच तापत असेल तर रेडिएटर (कूलंट थंड करणारा समोरचा भाग) उष्णता पुरेशी बाहेर टाकत नाहीये.

माझ्या गाडीचं हेच झालं होतं. दोन मेकॅनिक झाले, वॉटर पंपही बदलला. शेवटी समोरची जाळी काढून बॅटरीचा उजेड मारला, तर इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) आणि रेडिएटरच्या मधे उसाचं पाचट, चिखल नि मेलेले किडे यांचा घट्ट थर! बाहेरून सगळं स्वच्छ दिसत होतं. असा थर धुवायला पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, तेही हलक्या प्रेशरने, नाहीतर फिन्स (रेडिएटरच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

तिथेही काही सापडलं नाही, तर सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दाबून बघा. पाणी तापायच्या आतच तो कडक झाला, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे आले, तर हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेल्याची शक्यता मोठी. मग गाडी चालवूच नका, हेड वाकलं तर खर्च कितीतरी वाढेल. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.