बॅरी हॅरिस यांचं आठ स्वरांचं स्केल: कुणी शिकलंय का?

पेटीवाला_सांगली:
मी गाण्याच्या साथीला पेटी वाजवतो. हल्ली जॅझचा नाद लागलाय. बॅरी हॅरिस या पियानोवादकाचे वर्गातले व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहतो. ते 'सिक्स्थ डिमिनिश्ड' म्हणतात ते काय? आणि एवढा मोठा वादक म्हातारपणी नवशिक्यांना शिकवत का बसला?

हडसनकाठी:
मी न्यू जर्सीत राहतो. त्यांच्या मॅनहॅटनमधल्या मंगळवारच्या वर्गाला जात असे.

आधी 'सिक्स्थ डिमिनिश्ड' स्केल. पेटी घ्या: सा रे ग म प, कोमल ध, शुद्ध ध, नी. आठ स्वर. एक सोडून एक दाबा, सा ग प ध. हा सिक्स्थ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले स्वर). मधले उरले रे, म, कोमल ध, नी. तो डिमिनिश्ड. हात एकेक स्वर वर सरकवत न्या, दोन्ही आलटून पालटून येतात: विसावा, ओढ, विसावा, ओढ. शिवाय चार मात्रांत हे आठ स्वर बसवले की सा, ग, प, ध नेमके मात्रेवर पडतात. सात स्वरांचं स्केल सलग वाजवत राहिलात तर पुढच्या सप्तकात सा मात्रेच्या अध्ये येतो. बीबॉपच्या, म्हणजे १९४० च्या दशकातल्या वेगवान जॅझच्या, धावत्या फ्रेजा (स्वरवाक्यं) इतक्या पक्क्या का वाटतात, ते मला इथे कळलं.

ते म्हातारपणी शिकवायला लागले असं नाही. जन्म १९२९, डेट्रॉइटचा. तिथे तरुणपणीच त्यांच्या घरी मुलं शिकायला येत. १९६० मध्ये कॅननबॉल अ‍ॅडर्लींच्या बँडबरोबर न्यूयॉर्कला आले, पुढे सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सना साथ केली. पियानोवादक थेलोनियस मंक शेवटची वर्षं न्यू जर्सीतल्या वीहॉकनच्या ज्या घरात होते, त्याच घरात हेही राहायचे. १९८२ मध्ये मंक गेले. त्याच वर्षी हॅरिसनी एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर 'जॅझ कल्चरल थिएटर' उघडलं. १९८७ मध्ये ते बंद झालं, वर्ग मात्र दुसऱ्या जागी चालूच राहिले. कोविडमध्ये झूमवर शिकवत. ८ डिसेंबर २०२१ ला, ९१व्या वर्षी, कोविडनेच गेले.

वर्गात प्रवेशपरीक्षा नव्हती. धंदेवाईक वादकाशेजारी कालच सुरुवात केलेला माणूस बसे. आधी पियानोवाले, मग गाणारे, मग सगळ्यांचं इम्प्रोव्हायझेशन (ऐनवेळी सुचेल ते वाजवणं).

निषाद७:
आदर आहेच. पण चार्ली पार्कर, बड पॉवेल, मंक या बीबॉपवाल्यांपुढे ते सरकले नाहीत. मोडल नाही, फ्यूजन नाही, जॅझच्या नंतरच्या वाटांवर गेलेच नाहीत. हे जपणं की गोठवणं?

हडसनकाठी:
त्यांची मतं कडक होती, खरंय. पण वर्गात जुन्या रेकॉर्डची नक्कल चालत नसे. ते जागच्या जागी नवी फ्रेज रचत, गाऊन दाखवत, आणि सगळ्यांनी ती कानाने उचलायची. गोठवलेल्या संगीतात दर आठवड्याला नवं कुठून येईल? पार्करच्या पिढीची विचार करायची रीत त्यांनी कानातून कानात पोचवली. ध्वनिमुद्रिकांनी सूर टिकले असते, ही रीत नाही. १९८९ चा अमेरिकेचा 'जॅझ मास्टर' सन्मान मोठाच, पण मी तर त्यांचं हे शिकवणं त्याहून वर धरतो.

पेटीवाला_सांगली:
वाजवून पाहिलं! काळी एकमध्ये बसलं. पांढरी चारमध्ये कोमल ध, शुद्ध ध लागोपाठ येताना बोटं अडखळतात.

हडसनकाठी:
नुसते कॉर्ड आधी सावकाश फिरवा, भात्याची लय सुटू देऊ नका. मग सलग स्वर. पांढरी चार जमली की पुढची पट्टी धरा, बाराही करायच्या आहेत.