आधी स्वतःच्या कामाचे शब्द

एका ताईंनी विचारलंय, बी.कॉम. झालेल्या भावाची अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी मुलाखत आहे, तर अवघड इंग्रजी शब्दांची यादी त्याच्याकडून पाठ करून घ्यावी का. माझं मत, अजिबात नको. इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली काढलेली नेहमीच्या इंग्रजी शब्दांची यादी जेमतेम २,००० शब्दांची आहे, आणि रोजच्या इंग्रजीचा फार मोठा भाग तेवढ्यावर चालतो. बी.कॉम. झालेल्या मुलाला त्यातले बरेचसे शब्द वाचून नक्कीच कळतात. तो अडतो बोलताना.

कारण आपण नामं पाठ करतो आणि त्यांच्याबरोबर येणारं क्रियापद सोडून देतो. 'इनव्हॉइस' सगळ्यांना माहीत असतं, पण 'रेज ॲन इनव्हॉइस' (बिल काढणं) ऐनवेळी सुचत नाही. 'फाइल अ रिटर्न', 'रिकन्साइल द बँक स्टेटमेंट' (बँकेच्या नोंदी आपल्या हिशोबाशी जुळवणं), 'फॉलो अप ऑन पेमेंट्स' अशा जोड्याच तोंडात बसवायच्या. त्याने सीएंच्या ऑफिसात किंवा दुकानात जे काही काम केलं असेल, ते आधी मराठीत सांगायला लावा. मग एकेक वाक्य इंग्रजीत करून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्यालाच ऐकवा. कुठे अडखळतो ते त्याचं त्यालाच कळेल, आणि शिकायचे शब्द तिथेच सापडतील.

प्रश्न कळला नाही तर गप्प बसू नये. 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?' एवढं विचारण्यात काहीही कमीपणा नाही, हे त्याला आवर्जून सांगा.