देवाविरुद्ध 'बंड' म्हणावं की 'फितुरी'?

चर्चमधे आठवी ते दहावीच्या मुलांचं संडे स्कूल घेते. पुढचा धडा बायबलमधला गणना 16, कोरह, दाथान आणि अबीराम यांचं बंड. पण आपल्या मुलांना बंड म्हटलं की भारीच वाटतं, 1857 चं बंड, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड, शिवाय टीव्हीवर बंडखोर आमदार आहेतच. दुसरा शब्द सुचवाल का? आणि अकाउंटेबिलिटीला 'उत्तरदायित्व' सोडून काहीतरी द्या, तो शब्द बोलण्यात कुणाच्याच नसतो.

—

ताई, कोरहाला बंडच राहू द्या. अडीचशे पुढारी घेऊन तो इस्राएलाचा पुढारी मोशे आणि त्याचा भाऊ, याजक अहरोन यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला सगळी मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच का मोठे होता? हे मुलांना मुद्दाम वाचून दाखवा, ऐकायला एकदम बरोबर वाटतं ना, म्हणून तर त्यावर थांबायला हवं. कोरह लेवी वंशातला होता, निवासमंडपाची म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची सेवा त्याच्याकडे होतीच, त्याला याजकपणही पाहिजे होतं, आणि मोशे त्याला नेमकं तेच विचारतो.

पण यशयाचा पहिला अध्याय घ्याल तेव्हा मात्र फितुरी म्हणा. तिथे देव म्हणतो मी मुलं वाढवली आणि तीच माझ्यावर उलटली, बैल धन्याला ओळखतो, गाढव गव्हाण ओळखतं, माझे लोक ओळखत नाहीत. तिथलं हिब्रू क्रियापद पाशा, त्याचंच नाम पेशा. अहाब राजाच्या मरणानंतर मवाब हे त्याच्या ताब्यातलं राज्य इस्राएलावर उलटलं, 2 राजे 1:1, तिथे क्रियापद याच धातूचं आहे, म्हणजे ज्याच्याशी बांधलेले आहात त्याच्याशी नातं तोडणं. स्तोत्र 51 च्या सुरुवातीलाच पेशा, आवोन (वाकडेपणा) आणि खत्तात (नेम चुकणं) तिन्ही आलेत. आपण सगळ्याला सरसकट पाप म्हणतो त्यामुळे मुलांना खोटं बोलणं आणि देवाला सोडून जाणं एकाच मापाचं वाटतं. फितूर त्यांना लगेच कळतं, साक्षीदार फितूर झाला हे पेपरात येतंच, आणि 'तुम्ही माझे साक्षी आहात' हे यशयातच आहे.

अकाउंटेबिलिटीला सरळ हिशेब म्हणा, रोम 14:12 मधे तोच आहे. 'जाब' नको, जाब चूक झाल्यावर विचारतात. मत्तय 25 मधल्या दाखल्यात धनी दासांना पैसे सांभाळायला देतो, तिसऱ्या दासाने त्यातली एक पै चोरली नाही हो, जमिनीत पुरलेले पैसे जसेच्या तसे परत दिले, बंड नाही की काही नाही, तरी धनी हिशेब घेतो कारण ते पैसे दासाचे नव्हतेच. मोबाईल, वेळ, आवाज चांगला असणं, सगळं दिलेलं आहे, यावर मुलं बोलतात, आणि घाबरतही नाहीत.

—

वरच्याला जोडून, हिशेब ज्याचा त्याचा असतो हे दाखवायला यहेज्केल 18 पण घ्याच. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा कुणी म्हणायची नाही असं देव तिथे सांगतो. दात आंबणं आपल्या मुलांना समजवायला लागत नाही, कैरी खाल्लेली असते. आणि दुसरी बाजू सोडू नका, बाप नीतिमान असला तरी मुलाला ते चालत नाही, आजोबा पाळक होते म्हणून आपलं निभावेल असं वाटणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, त्यांच्यासाठी पाचव्या ते विसाव्या वचनापर्यंत सलग वाचून घ्या, मधेच तोडू नका.